‘थोडक्यात वाचले’ हे कुठे लिहायचं? ज्येष्ठ माणसं, रस्ता आणि आपला चौक

गेल्या वर्षी आईनं मंडईत जाणं बंद केलं. कारण विचारलं की गुडघे दुखतात म्हणायची. मंडई घरापासून पाच मिनिटांवर, आणि तीस वर्षं तिथलीच भाजी खाऊन आम्ही वाढलो. एका शनिवारी मी हट्टानं तिला घेऊन निघाले, तेव्हा खरं कारण दिसलं. चौकातल्या सिग्नलवर हिरवा माणूस लागला, आई खाली उतरली, जेमतेम अर्ध्याच्या पुढे गेली आणि दिवा बदलला. समोरून दुचाक्या सुटल्या. आई माझा हात घट्ट धरून जागच्या जागी उभी राहिली. पलीकडे पोचल्यावर म्हणाली, “अगं, रोज असंच होतं. त्या दिवशी तर थोडक्यात वाचले.”

हे ‘थोडक्यात वाचले’ तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून तरी काय होणार, असं तिला वाटत होतं. हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे. या वाक्याचं खरंच काही होऊ शकतं का? होतं, काही ठिकाणी झालंय, आणि ते कसं होतं हे समजून घेणं फार अवघड नाही.

विषय सध्या बातम्यांतही आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्यायोग्य पदपथ मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आणायला सांगितलं. निर्णय मोठा आहे. पण दिल्लीतला निर्णय आपल्या चौकातल्या झेब्रा पट्ट्यापर्यंत आपोआप चालत येत नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून आणावं लागतं.

आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे दिवसाला जवळजवळ नव्वद माणसं, जी कुठल्याही वाहनात नव्हती.

आता या आकड्यात कोण नाही ते पाहा. उखडलेल्या फरशीत पाय अडकून पदपथावर पडलेले, खुब्याचं हाड मोडून सहा महिने अंथरुणाला खिळलेले आजोबा यात नाहीत. वाहन नाही, म्हणून तो रस्ते अपघातच नाही. ब्रेकचा कर्कश आवाज ऐकून मागे सरलेल्या आजी यात नाहीत. आणि माझ्या आईसारखी माणसं, ज्यांनी भीतीपोटी बाहेर पडणंच सोडलं, तीही नाहीत. उलट आईनं जाणं बंद केल्यामुळे कागदावर तो चौक थोडा जास्त सुरक्षित झाला.

इथे एक सरकारी शब्द समजून घेऊ, ‘ब्लॅक स्पॉट’. राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. मग तिथे अभ्यास होतो, दुरुस्ती होते. पद्धत चुकीची नाही. पैसा मर्यादित असेल तर सर्वांत वाईट जागा आधी धरायला हवीच. पण तिची सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून होते. दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करण्यासारखं आहे ते. दूध वर येताना ज्यांना दिसतं, ती माणसं रोज सकाळी साडेसहाला त्याच चौकातून फिरायला जातात आणि नंतर कट्ट्यावर बसून “काल परत त्या वळणावर झालं” असं एकमेकांना सांगतात. ही माहिती कट्ट्यावरून कार्यालयापर्यंत नेणं, एवढाच या सगळ्याचा गाभा आहे.

सेकंदांचं साधं गणित

सिग्नलवर पायी माणसाला किती वेळ द्यायचा हे ठरवताना चालण्याचा एक वेग गृहीत धरतात. अनेक देशांत तो सेकंदाला १.२ मीटर असा धरत आले आहेत. रस्ता १८ मीटर रुंद असेल तर या हिशेबानं १५ सेकंद पुरतात.

पण ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ६५ वर्षांवरच्या बहुतेकांचा वेग यापेक्षा कमी असतो. पुरुषांचा सरासरी ०.९, बायकांचा ०.८ मीटर. आता तोच रस्ता सेकंदाला ०.८ मीटरनं ओलांडा. साडेबावीस सेकंद लागतात. पंधराव्या सेकंदाला दिवा बदलतो तेव्हा त्या बाई १२ मीटरवर असतात आणि ६ मीटर उरलेले असतात. म्हणजे जवळपास दोन मार्गिका. आईची चूक काय? काहीच नाही. एका पंचविशीतल्या मुलाच्या मापानं शिवलेला सदरा सगळ्या मोहल्ल्याला घालायला दिला, इतकंच.

यात वयानुसार येणाऱ्या बाकीच्या गोष्टी मिसळा. मोतिबिंदूमुळे करड्या रस्त्यावरची करडी कड दिसत नाही. विजेवरची स्कूटर मागून येते, तिचा आवाज येत नाही. समोरून येणारी गाडी किती लांब आहे हे कळतं, पण ती किती वेगात आहे याचा अंदाज उतारवयात चुकायला लागतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे. म्हणून ‘लांब आहे’ असं वाटून पाऊल टाकलं जातं आणि गाडी अंगावर येते.

वेगाचं काय? सुका रस्ता, चांगले ब्रेक आणि चालकाला भान यायला एक सेकंद असं धरलं, तर ताशी ३० किलोमीटरनं जाणारी गाडी थांबायला अंदाजे १३ मीटर घेते. ताशी ५० ला हेच अंतर २८ मीटरच्या आसपास जातं. शहरातली मोठी बस साधारण १२ मीटरची असते. जेमतेम एका बसच्या अंतरात थांबणारी गाडी आणि दोन बसच्या अंतरातही न थांबणारी गाडी, यात फरक फक्त ताशी वीस किलोमीटरचा आहे. आणि त्याच धडकेनं तरुणाचा हात मोडतो, तिथे ठिसूळ हाडांच्या माणसाचा जीव जातो.

एक चौक, सहा मालक

मग दोन-चार सेकंद वाढवायला एवढं काय लागतं? इथेच सामान्य माणूस गोंधळतो. बहुतेक शहरांत झेब्रा पट्टे आणि पदपथ महापालिकेच्या पथ विभागाकडे असतात. सिग्नलचा खांब आणि दिवे विद्युत विभागाकडे, पण तो किती सेकंद चालवायचा यात वाहतूक पोलिसांचा शब्द मोठा. पदपथावरची टपरी अतिक्रमण विभागाची बाब. दिव्यासमोर आलेली फांदी उद्यान विभागाची. आणि झेब्रा पट्ट्यावरच असलेला बसथांबा परिवहन उपक्रमाचा.

वाड्यातला सामायिक जिना आठवा. दिवा गेलेला सगळ्यांना दिसतो, पण बल्ब कुणी आणायचा हे ठरत नाही. यातला कुणी वाईट नसतो. प्रत्येकाला आपल्यापुरता तुकडा दिसतो. अख्खा चौक एका वेळी फक्त तो ओलांडणाऱ्यालाच दिसतो.

‘स्थानिक भागीदारी’ हा शब्द जड वाटतो, पण अर्थ एवढाच: हे सहा जण आणि तो चौक वापरणारी माणसं एका वेळी, एका जागी, उन्हात उभी राहतात.

वही, पाहणी आणि करून बघणं

ज्या ठिकाणी हे काम चांगलं होतं, तिथे सुरुवात एका साध्या वहीपासून होते. तारीख, वेळ, नेमकी जागा, वाहन कुठल्या बाजूनं आलं, काय झालं. नावं नाहीत, गाड्यांचे नंबर नाहीत, राग नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं अशी वही ठेवली, तेव्हा आम्हाला वाटत होतं की आमचा प्रश्न सेकंदांचा आहे. तो होताच. पण महिनाभरानं वही वाचली तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त नोंदी डावीकडच्या मोकळ्या वळणाच्या होत्या. तिथे सिग्नल लागूच नाही. कोपरा इतका गोल वळवलेला की गाडीला वेग कमी करावाच लागत नाही. कोपरा जितका टोकदार, तितकी गाडी हळू वळते. हे आम्हाला त्या वहीनं शिकवलं.

दुसरी पायरी पाहणीची. अर्ज देणं वेगळं आणि अभियंत्याला सकाळी साडेसातला चौकात बोलावून काठी घेतलेल्या आजोबांबरोबर रस्ता ओलांडायला लावणं वेगळं. इंडियन रोड्स काँग्रेस ही आपल्याकडे रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था. पदपथाची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असे तिचे निकष आहेत. ते अभियंत्याला माहीत असतातच. पण चाळीस सेंटिमीटरच्या कडेवर चढताना आजोबांनी विजेच्या खांबाला मिठी मारलेली बघितली की निकषाला चेहरा मिळतो. मला हा प्रकार कुठल्याही निवेदनापेक्षा जास्त परिणामकारक वाटतो, आणि खर्च चहाचा.

तिसरी पायरी मला सर्वांत आवडते, ती म्हणजे आधी करून बघणं. काँक्रीट ओतण्याआधी रंग, शंकू आणि दोरी वापरून कोपरा तात्पुरता अरुंद करायचा, रस्त्याच्या मध्ये थांबायला जागा आखायची, आठ-पंधरा दिवस बघायचं. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, तसं. मुंबईत मालाडच्या मीठ चौकीवर आधी असाच प्रयोग झाला होता. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा होतो. तो एका दिवसाचाच असतो, पण रस्ता वेगळा असू शकतो हे लोकांना पायांनी कळतं.

रस्त्याच्या मधल्या थांब्याबद्दल दोन शब्द. जिना चढताना मध्यावर सपाट टप्पा असतो, तिथे आपण श्वास घेतो. रुंद रस्त्याला तसाच टप्पा लागतो: माणूस काठीसह उभा राहील एवढा, आणि दुभाजकावरून उडी न मारता पोचता येईल असा. वेळ वाढवता येत नसेल तर अंतर तोडा. दोन लहान रस्ते ओलांडणं एका मोठ्यापेक्षा फार सोपं असतं.

इतर देशांनी काय केलं? सिंगापूरनं २००९ पासून काही सिग्नलवर सोय केली आहे. ज्येष्ठ व्यक्तीनं आपलं सवलतीचं कार्ड खांबावर टेकवलं की हिरवा माणूस रस्त्याच्या रुंदीनुसार ३ ते १३ सेकंद जास्त थांबतो. न्यूयॉर्कनं २००८ मध्ये ज्येष्ठांचे अपघात जास्त होणारे भाग शोधून तिथल्या रस्त्यांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. ब्रिटनमधल्या कितीतरी गावांत स्वयंसेवक, त्यात निवृत्त मंडळी पुष्कळ, चमकदार जाकीट घालून वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे राहतात. दंड करायचा अधिकार त्यांना नसतो. नोंद पोलिसांकडे जाते आणि पोलीस वाहनमालकाला समज देणारं पत्र पाठवतात. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे उद्या सकाळी करता येईल असं मला वाटत नाही, आपल्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्याच्या सुरक्षेचा प्रश्न मोठा आहे. पण नोंद लोकांची आणि कारवाई पोलिसांची, ही वाटणी उचलण्यासारखी आहे.

फाट्यावर उतरणारी माणसं

हे सगळं शहराचं झालं. खेड्यात प्रश्न अधिक जीवघेणा आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या माणसांना एसटी मोफत आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. किती माणसं त्यामुळे लेकीकडे, दवाखान्यात, देवाला जाऊ लागली! चांगलीच गोष्ट आहे. पण परतताना बस त्यांना फाट्यावर सोडते. फाटा चौपदरी महामार्गावर, गाव पलीकडे. मध्ये ताशी ऐंशी-नव्वदनं जाणारी वाहनं, संध्याकाळची वेळ, पांढरं नऊवारी तेवढं दिसतं आणि तेही उशिरा.

इथे सिग्नल नाही, पथ विभाग नाही. पण जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. ग्रामसभेचा ठराव, त्याला जोडलेली वही, आणि एसटी आगाराला “बस गावाच्या बाजूला आत घेऊन थांबवा” अशी विनंती, हे तीन कागद एकत्र गेले तर समितीपुढे विषय येतो. फाट्यावर एक दिवा लागणं ही छोटी मागणी वाटते. अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी ती छोटी नसते.

रस्त्यावरची ओळख दारापर्यंत जाते

सेकंद मोजताना मला जे अपेक्षित नव्हतं, ते इथे घडलं. वहीसाठी दर बुधवारी जमणाऱ्या मंडळींना एकमेकांची वेळ पाठ झाली. एक आजोबा सलग दोन दिवस दिसले नाहीत, तेव्हा कुणीतरी जाऊन दार वाजवलं. ताप होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. कुठलीही योजना न आखता रस्त्याच्या कामातून आधाराचं जाळं तयार झालं.

त्यामागे कारणही आहे. रस्ता भीतीदायक झाला की माणूस बाहेर पडत नाही. बाहेर पडला नाही की पायांचे स्नायू कमी होतात, चाल आणखी मंदावते, आणि पुढच्या वेळी तोच रस्ता आणखी लांब वाटतो. शिवाय बोलायला माणूस राहत नाही. हे चक्र औषधानं तुटत नाही.

या जाळ्याला जोडून घेण्यासारख्या काही सोयी आधीच आहेत. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्यानं हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी अशी तरतूद आहे. आपल्या गल्लीतली माणसं त्या यादीत आहेत का, हे संघानं जाऊन विचारावं. आणि अपघात झालाच तर मदत करणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन करा आणि माणसाजवळ थांबा.

“म्हाताऱ्यांनी गर्दीच्या वेळी बाहेर पडूच नये”

हे बोलणं मी घराघरांत ऐकलं आहे, आणि ते प्रेमानंच बोललं जातं. पण गर्दीची वेळ म्हणजे दवाखान्याची वेळ, बँकेची वेळ, नातवाला शाळेतून आणायची वेळ. त्यांनी जायचं तरी कधी? आणि आज काठीवाल्या आजोबांसाठी केलेला उतार उद्या बाबागाडीला, प्लास्टरमधल्या पायाला, सामानाची ट्रॉली ओढणाऱ्यालाही लागतो. शाळेला जाणारं सहा वर्षांचं पोरही दर वेळी सेकंदाला १.२ मीटर चालेलच असं नाही.

“सेकंद वाढवले तर कोंडी होईल”

ही शंका खरी आहे, ती उडवून लावू नये. सेकंद कुठून तरी काढावे लागतात. पण ते दिवसभर वाढवायची गरज नसते. सकाळ-संध्याकाळ फिरण्याच्या आणि दवाखान्याच्या वेळा वहीत दिसतात, तेवढ्यापुरते वाढवता येतात. अंतर कमी केलं तर मुळात सेकंदच कमी लागतात. शिवाय कोंडीचं एक कारण झेब्रा पट्ट्यावर येऊन थांबलेल्या गाड्याही असतात. तरीही काही चौकांत वाहनांना थोडं जास्त थांबावं लागेल. मला ते मान्य आहे, आणि गाडी चालवताना मीच ती थांबणारी असेन.

“पादचारी पूल बांधलाय की”

पूल गाड्यांना सरळ जाता यावं म्हणून असतो. चाळीस पायऱ्या चढून चाळीस उतरायच्या, त्याही दुखऱ्या गुडघ्यांनी. म्हणून पुलाखालून, दुभाजकाच्या फटीतून माणसं जातात आणि वर आपण त्यांनाच बेशिस्त म्हणतो. लिफ्ट चालू असेल तरच पूल उपयोगाचा. महामार्गावर पूल किंवा भुयारी मार्ग लागतोच, पण वस्तीतल्या चौकात माणसानं जमिनीवरूनच जायला हवं.

“हे सरकारचं काम, आम्ही का करायचं?”

काम सरकारचंच आहे, आणि ते सरकारचंच राहायला हवं. स्वयंसेवकांनी खड्डे बुजवावेत असं मी म्हणत नाही. रस्त्याची रचना निकषांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू झाला तर जबाबदार यंत्रणा आणि कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं आली आहे. आपण माहिती द्यायची, पाठपुरावा करायचा, आणि काम झालं की ते खरंच चालतंय का हे सांगायचं. पैशाचा मार्गही बंद नाही. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. रंगाचे पट्टे, कडेचा उतार, मधला थांबा ही नेमकी त्या आवाक्यातली कामं.

एक धोका मात्र आहे. उत्साही चार माणसं दमली की सगळं थांबतं. म्हणून वही एका माणसाकडे ठेवू नये, ती दर महिन्याला हात बदलत राहावी.

आमच्या चौकात सकाळी सात ते दहा या वेळेत हिरव्या माणसाचे सेकंद वाढले आहेत. थांबण्याची रेषा झेब्रा पट्ट्याच्या मागे सरकली आहे. डावीकडचं वळण मात्र अजून तसंच आहे, शंकू ठेवून बघण्याची परवानगी मागितली आहे आणि पुढच्या बुधवारी दोन विभागांचे लोक पाहायला येणार आहेत. त्या दिवशी आई मंडईतून साडेसातच्या आत परत यायचं म्हणतेय. या महिन्यात वही तिच्याकडे आहे.